पहाटेचा काकडा आणि कागदावरचे डेसिबल

पहाटे चूल पेटवताना पलीकडच्या गावचा काकडा आपल्या अंगणात ऐकू येतो. भर दुपारी त्याच भोंग्याचा आवाज कानावर पडत नाही. रात्री सामसूम असते म्हणून, असं आपण म्हणतो. खरंय, पण अर्धंच.

उरलेलं कारण हवेत आहे. गरम हवेतून आवाज जरा जास्त वेगानं जातो, गार हवेतून जरा कमी. दुपारी जमीन तापते. खालची हवा गरम, वरची गार. अशा वेळी आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन निवते, खालची हवा गार होते आणि वरची त्यामानानं उबदार राहते. मग वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो आणि शिवारभर पसरतो.

वारा आवाज ‘उडवून नेतो’ असं वाटतं. पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, त्याला वारा काय उडवणार! जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोराचा. त्या फरकानं आवाज वाऱ्याच्या दिशेला खाली वाकतो आणि उलट दिशेला वर. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं १८५७ सालीच हे सांगून ठेवलंय.

आता कामाचं बोलू. गावाजवळ मोठी खाण यायची असली की जनसुनावणी होते. अहवालात लिहिलेलं असतं, ‘वस्तीत आवाज इतके डेसिबल होईल.’ खाण अजून सुरूच नाही, मग मोजला कुणी? कुणीच नाही. तो आकडा हिशेबानं काढलेला असतो.

सगळ्यात सोपा हिशेब असा : यंत्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. १० मीटरवर ९० असेल, तर २० मीटरवर ८४, ४० वर ७८. असं करत ६४० मीटरवर ५४ येतात. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे. झालं, नियमात बसलं! पण रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ असते. यंत्र रात्री चाललं तर तेच ५४ नऊनं जास्त होतात. शिवाय या हिशेबात ना वारा, ना पहाटेचा गारवा. नांगरलेली मऊ माती आवाज पिते, कातळ तो परत फेकतो, तेही त्यात नाही.

दुसरी रीत कॉम्प्युटरची. हवेचे बारीक चौकोन पाडायचे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. प्रत्येकात तिथला वारा आणि तापमान भरायचं. मग एका चौकोनानं शेजारच्याला किती ढकललं, हे क्षणाक्षणानं मोजत पुढे जायचं. गंमत अशी, की चौकोन आवाजाच्या लाटेपेक्षा पुष्कळ लहान लागतात. १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३४ सेंटीमीटरची. तिचे दहा भाग केले, तर एक किलोमीटर लांब आणि शंभर मीटर उंच हवेच्या एका उभ्या कापातच आठ कोटींवर चौकोन होतात! म्हणून रोजच्या कामाला सोपे हिशेबच वापरतात. त्यात लबाडी नाही. आणि महागड्या मॉडेलमध्ये दुपारची हवा भरली, तर उत्तरही दुपारचंच येणार.

तेव्हा सुनावणीत विचारा : हा आकडा कोणत्या वेळचा? वारा कोणत्या दिशेचा धरला? यंत्रं रात्री चालणार का? एकच यंत्र धरलं की सगळी मिळून? आणि विचारलेलं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा.

तोवर गटाच्या वहीत एक नोंद सुरू करता येईल. लांबचा भोंगा, गाडी किंवा पंप कधी स्पष्ट ऐकू आला, ती तारीख, वेळ आणि चुलीचा धूर कसा होता. हिवाळ्याच्या सांजेला धूर वर न चढता वस्तीवर आडवा पसरून राहतो ना, तेव्हा खाली गार आणि वर उबदार हवा असते. असे दिवस तुमच्या गावात किती येतात, ते अहवालवाल्यांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असेल.