कचारगड : दरेकसाच्या डोंगरातील उन्हाळी वाट

मुंबई-हावडा लोहमार्ग गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना सालेकसा ओलांडल्यावर ज्या डोंगररांगेतून बोगद्याने पलीकडे उतरतो, त्या दरेकसाच्या रांगेत, महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्या सीमेलगत, कचारगडची नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला येथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि ओडिशातून भाविक लोटतात; वर्षाचा उरलेला काळ मात्र धनेगावहून गुहेकडे चढणारी जंगलवाट बरीचशी सरपण, मोहफुले आणि तेंदूपाने आणणाऱ्यांचीच असते. उन्हाळ्यात मित्रमंडळींसह दिवसभराची पायपीट करू पाहणाऱ्यांनी ही वाट अवश्य निवडावी, परंतु तिचे वेळापत्रक शहरातून ठरवून न आणता याच लोकांकडून घ्यावे.

या डोंगरांची घडण सह्याद्रीहून निराळी आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. गोंदियाचा हा पूर्वभाग त्या थराच्या बाहेर पडतो. येथे आढळतो तो भूशास्त्रात डोंगरगडच्या नावाने ओळखला जाणारा शिलासमूह, ज्यात ग्रॅनाइट आणि ऱ्हायोलाइट, म्हणजे ग्रॅनाइटसारख्याच घटकांचा रस भूपृष्ठावर येऊन थिजल्याने तयार होणारा खडक, हे प्रमुख असून त्यांचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. सह्याद्रीत दिसणाऱ्या पायरीसारख्या आडव्या थरांऐवजी येथे भेगाळलेले कातळ आणि एकमेकांवर रेललेल्या शिळा दिसतात, आणि पानगळीनंतर हा सारा सांगाडा उघडा पडतो.

गुहेचे महत्त्व मात्र खडकापेक्षा कथेत अधिक आहे. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा पारंपरिक धर्ममार्ग, याच्या परंपरेनुसार माता कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो या आद्य धर्मगुरूने जंगो रायताड हिच्या साहाय्याने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने बळ मिळून गुहेच्या तोंडावरील शिळा हटली, पण तिच्याखाली तो स्वतः चिरडला गेला. सुटकेचे श्रेय वाद्याला आणि वादकाच्या बलिदानाला देणारी ही कथा भारतीय आदिकथांमध्ये फार वरच्या जागी ठेवावी अशी आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केलेले लिंगोचे दीर्घ गीत थोडे वेगळे आहे. त्यात कोंडण्याची गुहा दूर धवलगिरीला असून काचीकोपा लाहूगड हे वाचलेल्या चार गोंडांच्या आश्रयाचे स्थान आहे. गोंडी भाषा आणि धर्माचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी मौखिक परंपरेच्या आधारे काचीकोपा लाहूगडची भूमी कचारगडशी जोडली, आणि १९८४ पासून यात्रेला आजचे संघटित रूप आले. मुख्य गुहेच्या छताला असलेल्या मोठ्या भगदाडातून उजेडाचा झोत थेट आत उतरतो. ती कथा ठाऊक असलेला भाविक तेथे ‘जय सेवा’ म्हणून हात जोडतो, आणि सहलीला आलेल्यानेही त्या ठिकाणी पादत्राणे, आवाज व खाद्यपदार्थ यांबाबत देवस्थानाचाच संकोच पाळावा.

उन्हाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण येथील जंगल पानझडी आहे आणि ऊन सर्वांत कडक असताना सागाची सावली सर्वांत विरळ असते. कातळ दिवसभर तापतो, दरीत वारा अडतो, त्यामुळे दुपारी उष्णता वरून आणि बाजूंनीही अंगावर येते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये सकाळच्या गारव्यात उतरलेल्या पदयात्रींना दुपारच्या तापात चढावे लागते, म्हणून तेथील उद्यानप्रशासन उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालणे टाळण्यास सांगते. कचारगडचा क्रम उलटा, म्हणून सोयीचा आहे: चढ आधी, उतार नंतर. तरीही उतार पायांचे श्रम वाचवतो, डोक्यावरचे ऊन नव्हे.

मोहफुले वेचणाऱ्या बाया उजाडण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचतात, आणि तेंदूपाने तोडणारे ऊन चढण्याआधी घरी परतून सावलीत पुडके बांधायला बसतात. डोक्याला दुपट्टा, सोबत कांदा आणि पोटात पेज, म्हणजे तांदळाची वा कोदोची पातळ, खारट कांजी, हा त्यांचा बंदोबस्त आहे. त्यामागचे कारण साधे आहे: घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, आणि नुसते पाणी ती झीज भरून काढत नाही. समूहाने जाणाऱ्यांनी गती सर्वांत मंद सोबत्याची ठेवावी. ज्याचा घाम आटला, बोलणे असंबद्ध झाले किंवा पाय लटपटले, त्याला ऊन लागले असे समजून तत्काळ सावलीत न्यावे, ओल्या कापडाने पुसावे आणि दवाखान्यात हलवावे. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलेही पहाटे त्याच झाडांखाली येतात, आणि कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असू शकतात. म्हणून अंधारात एकट्याने पुढे जाऊ नये, आणि धूर वा उग्र अत्तर टाळावे. नवतप्याच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत, ही वाट वर्ज्यच मानावी.

दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा फॉल याच फेरीत पाहता येतो, मात्र तो पावसाळी प्रवाह असल्याने वैशाखात धारेऐवजी कडाच दिसतो. तेथे जाताना जवळचा म्हणून लोहमार्गावरून किंवा बोगद्याकडून चालण्याचा मोह अनेकांना होतो. हा मार्ग गाड्यांच्या सततच्या वर्दळीचा असल्याने रस्त्यानेच जावे. धबधबा भरून वाहताना पाहायचा असेल तर श्रावण-भाद्रपदात वेगळी फेरी करावी. कचारगडचा चढ तेव्हा निसरडा असतो.