भुतांचा बखरकार

युद्धोत्तर जपानमध्ये मांगा नामक चित्रकथांचा जो विलक्षण उत्कर्ष झाला, त्याचे श्रेय सामान्यतः ओसामू तेझुका ह्यांना दिले जाते, आणि ते रास्तही आहे; परंतु तेझुकांचे यंत्रमानव आकाशात भराऱ्या घेत असता, स्मशानातली नि पडक्या देवळांतली भुतेखेते कागदावर उतरवीत बसलेल्या शिगेरू मिझुकी ह्या एकहाती चित्रकाराकडे माझे मन अधिक ओढ घेते.

मिझुकी १९२२ साली जन्मले आणि साकाइमिनातो ह्या बंदराच्या गावी वाढले. तेथे नोननोनबा म्हणून ओळखली जाणारी एक भाविक वृद्धा होती. छतावर डाग दिसतो तो रात्री येऊन छत चाटणाऱ्या भुताच्या जिभेचा, आणि काळोखात मागून पावले वाजू लागली तर बाजूला होऊन त्या अदृश्य वाटसरूस पुढे जाऊ द्यावे, असले ज्ञान ह्या बालकास तिच्याकडून मिळाले. शाळेने त्यांना ह्याहून मोलाचे काही दिले असेल असे मला वाटत नाही.

पुढे सक्तीच्या सैन्यभरतीत त्यांची रवानगी न्यू ब्रिटन बेटावरील राबाऊलच्या मुलखात झाली. पहाऱ्यावर असताना त्यांच्या तुकडीवर अकस्मात छापा पडला, सोबती मारले गेले, आणि हा एकटा शिपाई रानावनातून, समुद्रातून, अर्धमेल्या अवस्थेत तळावर परतला, तेव्हा वरिष्ठांनी त्याची विचारपूस करण्याऐवजी, सगळे मेले असता तू जिवंत कसा, असा जाब विचारला! त्यानंतर हिवतापाने अंथरुणास खिळलेले असताना बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. त्या दिवसांत त्यांना माणुसकी भेटली ती बेटावरील तोलाई लोकांच्या वस्तीत; युद्ध संपल्यावर तेथेच कायमचे राहावे असा त्यांचा मनोदय होता, पण आधी आईवडिलांना भेटून यावे ह्या सल्ल्यामुळे ते मायदेशी परतले.

परतल्यावर पोटासाठी त्यांनी नाना उद्योग केले. रस्त्यावर चित्रफलक दाखवून मुलांना गोष्टी सांगण्याचा व मिठाई विकण्याचा कामिशिबाई नावाचा धंदा तेव्हा जोरात होता. मिझुकी त्याची चित्रे काढू लागले. दूरचित्रवाणी आली, तो धंदा बसला, आणि ते भाड्याने वाचावयास मिळणाऱ्या पुस्तकांच्या तुटपुंज्या मोबदल्यावर उतरले. ह्याच हलाखीत, १९६० साली, जुन्या कामिशिबाईतील एका कथेच्या आधाराने त्यांचा कितारो कागदावर अवतरला: मेलेल्या मातेच्या थडग्यातून बाहेर आलेला, एक डोळा केसांआड दडलेला पोर, ज्याचा बाप केवळ एका बुबुळाच्या रूपाने उरून मुलाची पाठराखण करतो. पुढे ही कथा साप्ताहिकातून गाजली, १९६८ साली दूरचित्रवाणीवर आली, आणि विस्मृतीत चाललेली योकाई नामक लोकभुते जपानी मुलांच्या परिचयाची झाली.

ह्या भुतांविषयी माझे एक निरीक्षण आहे. ती क्वचितच खरी भीतिदायक वाटतात. ती खोडकर, आळशी, बहुधा भुकेली असतात. मिझुकींच्या चित्रांत अंगावर खरा काटा आणतो तो गणवेशातला अंमलदार. १९७३ सालच्या युद्धकथेत, जी बव्हंशी सत्य असल्याचे ते सांगत, जिवंत परतलेल्या शिपायांना पुन्हा मरावयास धाडले जाते, कारण त्यांच्या वीरमरणाची वार्ता आधीच वर कळविलेली असते. दफ्तरातील नोंद खोटी ठरू नये म्हणून माणसे मारण्याइतके अघोरी कृत्य नोननोनबाच्या एकाही भुताने केलेले नाही.

सुबत्ता आल्यावरही त्यांनी झोपेची हयगय केली नाही. रात्री जागविल्याचा अभिमान बाळगणारे तेझुका नि दुसरे मांगाकार इशिनोमोरी दोघेही साठीतच गेले, हे ते मिस्किलपणे सांगत. स्वतः मात्र २०१५ साली, ९३ व्या वर्षी निवर्तले. त्याआधी, १९८८–८९ मध्ये, सम्राट हिरोहितोंच्या शोवा राजवटीचा इतिहास त्यांनी आठ खंडांत चित्रित केला. त्यात राष्ट्राची कैफियत आणि स्वतःच्या तुटलेल्या हाताची हकीकत शेजारी शेजारी चालतात, आणि वाचकाला सनावळी समजावून देण्याचे काम त्यांनी कोणा पंडिताकडे न सोपविता, कितारोच्या कथेतील मूषकमानवाकडे, पैशासाठी कोणालाही दगा देणाऱ्या त्या महालबाड पात्राकडे सोपविले.