पाहुण्या मधमाश्यांसाठी रिकामी पेटी

हिवाळा सरून झाडांना फुलोरा आला, की शहरातील एखाद्या सोसायटीत सकाळीच गडबड उडते. हवेत हजारो माश्या घोंगावू लागतात आणि पाहता पाहता आंब्याच्या फांदीवर नारळाएवढा तपकिरी, जिवंत घोस लटकू लागतो. मुलांना घरात बोलावले जाते, खिडक्या बंद होतात आणि औषध फवारणाऱ्याला दूरध्वनी केला जातो. तोच दूरध्वनी एखाद्या हौशी मधपाळाला गेला, तर ही वसाहत वाचू शकते.

घर सोडलेले कुटुंब

पोळ्यात जागा अपुरी पडू लागली, की कामकरी माश्या नव्या राणीसाठी पोळ्याच्या खालच्या कडेला खास घरे बांधतात. नवी राणी बाहेर येण्यापूर्वीच जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन बाहेर पडते. निघताना माश्या पोटभर मध पितात. फांदीवरचा घोस हा या प्रवासातील मुक्काम असतो. तो कधी काही तासांचा, तर कधी एक-दोन दिवसांचा. राखायला पिल्ले नाहीत की मधाचा साठा नाही. त्यामुळे न डिवचल्यास अशा माश्या सहसा डंख मारत नाहीत.

दरम्यान, काही अनुभवी माश्या नव्या जागेचा शोध घेत असतात. परतल्यावर त्या घोसावरच नाच करून जागेची दिशा व अंतर सांगतात. मार्टिन लिंडावर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही प्रक्रिया उलगडली. नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची धूळ पाहून त्या घर शोधून आल्या असाव्यात, हे त्याने ताडले होते.

आधी माशी ओळखा

पेटीत राहू शकते ती प्रामुख्याने सातेरी. ती झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकमेकींना समांतर अशी अनेक पोळी बांधते. चौकटी लावलेली लाकडी पेटी तिला म्हणूनच रुचते. फुलोरी माशी झुडपाच्या डहाळीवर एकच लहानसे पोळे करते. उंच इमारतींना व पाण्याच्या टाक्यांना लटकणारे भले मोठे, उघडे पोळे असते ते आग्या माशीचे. ती पेटीत राहत नाही, ऋतुमानानुसार स्थलांतर करते आणि चिडल्यास सामूहिक हल्ला चढवते. तिच्यापासून दूर राहावे आणि जाणकारांना बोलवावे.

पकडायचे कसे?

सातेरीची खात्री पटल्यावर मधपाळ जाळीचा बुरखा चढवतो. घोसावर पाण्याचा हलका शिडकावा करतो, म्हणजे माश्या उडण्याऐवजी बिलगून राहतात. मग खाली पेटी धरून फांदीला एकच जोरदार झटका दिला जातो. यश अवलंबून असते ते राणीवर. ती पेटीत पडली, तर काही कामकरी माश्या दाराशी पोट उंचावून पंख फडफडवतात आणि विशिष्ट गंध पसरवतात. त्या गंधाच्या मागाने उरलेल्या माश्या आत शिरतात. राणी बाहेर राहिली, तर माश्या पुन्हा तिच्याकडे परततात आणि सारे नव्याने करावे लागते. पेटी अंधार पडेपर्यंत तेथेच ठेवतात, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्याही परत येतात. मग दार बंद करून ती हलवली जाते.

खरी कसोटी यानंतरच सुरू होते. जागा पसंत न पडल्यास सातेरी पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे पहिले काही दिवस दाराला राणी अडवणारी जाळी बसवतात. तिच्यातून कामकरी माशी जाते, राणी जात नाही. साखरेचा पाक दिला जातो. दुसऱ्या पेटीतील पिल्लांची एखादी चौकट ठेवली, तर माश्या त्यांच्या संगोपनात गुंततात आणि वसाहत स्थिरावते.

हे काम प्रशिक्षणाशिवाय करू नये. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था असे शिक्षण देते. सामान्य नागरिकाने करायचे ते इतकेच : दगड मारू नये, धूर करू नये, फवारणी थांबवावी आणि मधपाळाला कळवावे. तो वेळेत पोहोचला नाही, तरी माश्या बहुधा एक-दोन दिवसांत स्वतःहून पुढच्या घरी निघून जातात.