विश्लेषण : पहिल्याच पावसात शेताची माती का वाहते? सुभाष शर्मांनी त्यावर काय केले?

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की औंढा नागनाथ, सेनगावच्या माळाखालचे ओढे चहाच्या रंगाचे होतात. हा गढूळपणा म्हणजे कुणाच्या तरी शेताचा वरचा थर. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथले शेतकरी सुभाष शर्मा यांनी आयुष्याची तीन दशके हा थर शेतातच अडवण्यात घालवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बातम्यांत 'नैसर्गिक शेती करणारे शेतकरी' एवढीच त्यांची ओळख आली. त्यांचे मूळ काम मातीचे आहे.

किती माती जाते?

एका एकरावरून फक्त एक मिलिमीटरचा थर गेला, तर सुमारे ४ घनमीटर माती जाते. बांधकामाच्या भाषेत जवळपास दीड ब्रास, वजनात पाच टनांच्या आसपास. देशात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन माती जागा सोडते, असा १९८०च्या दशकात काढलेला अंदाज आजही वापरला जातो. म्हणजे एकरी साडेसहा टन! त्याच अंदाजानुसार यातली २९ टक्के माती समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते. उरलेली इकडून तिकडे सरकते. मातीबरोबर सेंद्रिय कर्ब जातो आणि पेरणीवेळी दिलेले डीएपीही जाते. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले खत ओढ्याला मिळते.

नेमके कधी वाहते?

बहुतांश नुकसान हंगामाच्या सुरुवातीला होते. उन्हाळी नांगरट आणि वखरणीने जमीन भुसभुशीत, उघडी झालेली असते. पावसाचा थेंब थेट ढेकळावर आदळतो, माती फुटते, तिचे बारीक कण छिद्रे बुजवतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा मिटतात. मग पाणी मुरण्याऐवजी वरून पळू लागते. ५० मिमी पाऊस म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. त्यात पेरणीची तासे उताराच्या दिशेने असतील, तर प्रत्येक तास एक छोटी नाली होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते, आणि सगळे गणित इथेच बिघडते. सोयाबीनची पाने जमीन झाकेपर्यंत महिना-दीड महिना जातो. तोवर रान उघडेच.

शर्मा या वाटेला कसे आले?

यवतमाळच्या तिवसा परिसरात त्यांनी १९७५ मध्ये शेती सुरू केली. सुरुवातीची वर्षे रासायनिक शेतीची होती आणि उत्पादन वाढतही होते. १९८६ नंतर चित्र पालटले. खर्च चढत गेला, उतारा घसरत गेला. अनेक वर्षे तोटा सोसल्यावर १९९४ मध्ये त्यांनी रासायनिक खते, औषधे बंद केली.

पण नुसती खते बंद करून जमीन सुधारत नाही, आणि अनेकांची गाडी इथेच अडते. शर्मांनी माती, पाणी, बियाणे, पीक नियोजन आणि मजूर अशा पाच गोष्टींचा एकत्र विचार मांडला. मजुरांचा समावेश पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, पण बांध, चर, आच्छादन ही सगळी हाताची कामे आहेत. ती करणारा माणूस टिकला तरच पद्धत टिकते.

शेतात त्यांनी समपातळीत, म्हणजे उताराला आडवे, चर आणि बांध घेतले. पेरणीही त्याच रेषांना समांतर. बांधांवर गवत आणि झाडे वाढवली. झाडांवर पक्षी आले, पक्ष्यांनी किडी टिपल्या. गायीचे शेण आणि शेतातच गाडलेले हिरवळीचे खत यांतून कर्ब परत मातीत गेला. काढलेले तणही बाहेर न फेकता तिथेच आच्छादन म्हणून पसरायचे. यातला एकही उपाय नवा नाही. ते सगळे एकाच रानात, वर्षानुवर्षे, न कंटाळता करत राहणे अवघड होते.

दुसरा मार्ग आहे का?

आहे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' विकसित केले. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरट नाही, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. भातासाठी निघालेले हे तंत्र पुढे इतर पिकांतही वापरले गेले. मात्र यात तणनाशक चालते, शर्मांच्या शेतात नाही. वाद घालायला हा विषय उत्तम आहे. माती झाकलेली असावी, यावर मात्र दोघांचे एकमत दिसते. रुंद सरी-वरंबा म्हणजेच 'बीबीएफ' यंत्राने पेरणी, हा कृषी विभाग सुचवतो तो तिसरा पर्याय.

हिंगोलीत अडते कुठे?

पहिली अडचण वाटण्यांची. समपातळी रेषा सातबारा पाहून वळत नाही. ती भावाच्या, शेजाऱ्याच्या रानात जाते. धुरा कोरण्यावरून जिथे भांडणे होतात, तिथे सामाईक बांध कोण घालणार? दुसरी अडचण ठोक्याच्या शेतीची. एका वर्षासाठी रान घेणारा दहा वर्षांनी फळणाऱ्या बांधावर पैसा का घालेल? त्यात हळद. काढणीला सगळे रान खणले जाते आणि माती मोकळी होते. वसमत भागात तर हे मुख्य पीक आहे.

एक तांत्रिक धोकाही आहे. खोल काळ्या जमिनीत पूर्ण बंदिस्त बांध घातला तर पाणी तुंबते आणि पीक पिवळे पडते. अशा रानात बांधाला हलका ढाळ आणि दगडी सांडवा हवाच. यवतमाळचे पाहून जसेच्या तसे करू नये.

नुकसानभरपाई मिळते का?

जमीन खरडून गेली तर मिळते. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने अशा जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे जाहीर केली. पण दरसाल मिलिमीटरने जाणाऱ्या थराचा पंचनामा होत नाही. मराठवाड्यात जास्त नुकसान कशाने होते, हे मोजायचे तर आधी तो थर मोजावा लागेल.

यंदा काय करता येईल?

मे महिन्यात अर्धा दिवस पुरेसा आहे. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी किंवा तीन लाकडांची ए-फ्रेम घेऊन समपातळीचे बिंदू काढायचे, चुन्याने रेषा मारायची. अडले तर कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते. खरी कसोटी पेरणीच्या दिवशी. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास हवे असतात. वळणे कमी, डिझेल कमी. रानाची लांबी उताराच्या दिशेने असेल तर तो तसाच चालवणार. त्या दिवशी मालकाने स्वतः धुऱ्यावर उभे राहायचे.