विश्लेषण : काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर छंद म्हणून चालवता येते का? नेमबाजीची सुरुवात कुठून करायची?

घोडा पडतो, क्षणभरात नळीतून ठिणग्या उडतात आणि समोरचे लक्ष्य पांढऱ्या धुरात दिसेनासे होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटाची रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्या परदेशी हौशी नेमबाजांचे असे व्हिडिओ मोबाइलवर सर्रास फिरतात. ‘याला लायसन्स लागत नाही’ हे त्यातले वाक्य अमेरिकेतल्या बऱ्याच भागात खरे आहे. सावदा, फैजपूर किंवा रावेरमध्ये ते खरे मानून कोणी असे हत्यार जवळ बाळगले तर किमान दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शक्यता आहे. म्हणूनच हा छंद नेमका काय आहे, आपला कायदा काय सांगतो आणि नेमबाजीची खरीच आवड असेल तर खान्देशातल्या मुलामुलींनी पहिले पाऊल कुठे टाकावे, हे समजून घ्यायला हवे.

काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर म्हणजे काय?

आजच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तयार काडतूस बसते. गोळी, दारू आणि ती पेटवणारी टोपी हे सगळे त्या एका पितळी नळकांड्यात असते. आपल्या शेजारच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्करासाठी अशीच छोट्या हत्यारांची काडतुसे तयार होतात. त्यांत बिनधुराची दारू असते. ती फ्रान्समध्ये १८८४ च्या सुमारास विकसित झाली आणि काही वर्षांतच जगभरच्या सैन्यांनी जुनी काळी दारू बाजूला ठेवली.

काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर त्याआधीचे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. पुढे कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ आणि १८६० चे ‘आर्मी’ ही मॉडेल गाजली. यात काडतूस नसतेच. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात समोरून सोरा, गंधक आणि कोळशाची दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी दांडीने दाबून बसवायची आणि मागच्या बारीक नळीवर तांब्याची छोटी केप लावायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, केप फुटते आणि तिची ठिणगी दारूपर्यंत पोहोचते. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात टिकली फुटते, त्याच तत्त्वाचा हा मोठा आणि धोकादायक अवतार.

गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी असते. ती दाबून बसवताना शिशाची बारीक कडी कापली जाते आणि कप्पा घट्ट बंद होतो. गोळीवर ग्रीसही लावतात. ही काळजी घेतली नाही तर एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यांत जाऊन एकाच वेळी अनेक बार उडू शकतात. शिवाय काळी दारू पूर्ण जळून वायू होत नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख आणि क्षार म्हणून उरतो. धुराचे ढग आणि नळीतली काजळी त्यामुळेच. हे क्षार ओल धरतात आणि लोखंड गंजवतात. त्यामुळे सराव झाला की हत्यार त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावावे लागते. व्हिडिओत धूर दिसतो, ही धुलाई दिसत नाही.

परदेशात हा छंद कसा चालतो?

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात १८९८ पर्यंतची जुनी हत्यारे आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती ‘पुरातन’ ठरवून केंद्रीय नियमांतून बऱ्याच अंशी वगळल्या आहेत. काही राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये चित्र उलटे दिसते. तिथे १९९७ मध्ये बहुतेक पिस्तुलांवर बंदी आली, तरी समोरून भरायची काळ्या दारूची रिव्हॉल्व्हर परवान्यावर ठेवता येतात. त्यामुळे तिथल्या अनेक पिस्तूलबाजांनी हा मार्ग धरला. इटलीतल्या उबर्ती, पिएत्ता यांसारख्या कंपन्या या जुन्या मॉडेलच्या प्रतिकृती बनवतात.

ठासणीच्या हत्यारांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय समिती १९७१ पासून काम करते आणि जागतिक स्पर्धाही भरवते. रिव्हॉल्व्हरचा प्रकार २५ मीटरवर होतो. ३० मिनिटांत १३ बार उडवायचे आणि त्यातले सर्वोत्तम १० मोजायचे. म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटे मिळतात आणि त्यातला बराच वेळ भरण्यात जातो. सिनेमातल्या धडाधड गोळीबाराशी या खेळाचे काही नाते नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

इथे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या व्यापक आहे. स्फोटक किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने गोळी फेकण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदलून घेतलेले कोणतेही हत्यार तिच्यात येते. काडतुसाचे की समोरून भरायचे, हा फरक ती करत नाही.

‘जुन्या घाटाचे आहे, म्हणून सूट मिळेल’ हा सर्वात मोठा गैरसमज. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. कारखान्यातून नुकतीच आलेली, बार उडवणारी प्रतिकृती या सवलतीत कशी बसेल? आजोबांच्या काळातले भिंतीवरचे हत्यारही चालू अवस्थेत असेल तर परवाना हवा.

दुसरा अडथळा दारूचा. काळी दारू हे स्फोटक आहे. तिच्यावर स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ यांचे नियंत्रण आहे आणि हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. तिसरा अडथळा आयातीचा. खासगी व्यक्तीने परदेशातून हत्यार मागवण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यातली सवलत प्रामुख्याने ठरावीक पातळी गाठलेल्या नेमबाजांसाठी आहे.

थोडक्यात, नवशिक्याने काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरपासून सुरुवात करण्याचा व्यवहार्य मार्ग इथे नाही.

मग शेतकऱ्याकडची ठासणीची बंदूक?

काळी दारू आपल्या गावांतून पूर्ण गेलेली नाही, याचे कारण शेती. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या प्रामाणिक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी केळी, मका, हरभरा करणाऱ्यांना रानडुकरांचा त्रास नवा नाही.

पण हा परवाना पीकरक्षणाचा आहे. त्यावर मित्रांना जमवून बाटल्या फोडण्याचा छंद करता येत नाही. तसेच हाती परवान्याची बंदूक आहे म्हणून रानडुक्कर मारण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असल्याने त्यासाठी वन विभागाचा वेगळा रस्ता आहे.

घरी बनवले किंवा ‘कट्टा’ घेतला तर?

मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या कारवाया जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना माहीत आहेत. पकडलेल्यांत अनेकदा विशी-पंचविशीतली पोरे असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे. बेकायदा निर्मिती आणि विक्रीला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर परवाना असूनही २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला एक गुन्हा नावावर लागला की पोलिस भरती, लष्कर, पासपोर्ट या सगळ्या वाटा अवघड होतात. रीलसाठी कमरेला लावलेला कट्टा हा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच जगाला दाखवण्याचा प्रकार आहे.

घरगुती प्रयोगांची किंमत अंगावर मोजावी लागते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात कार्बाइड गनने मोठ्या संख्येने मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. पाइप, कार्बाइड आणि पाणी एवढ्यावर चालणारे हे खेळणे. फळे पिकवायला बंदी असलेले कार्बाइड केळी पट्ट्यात कोणाला नवे नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या जास्त जवळची. बार उडतो तेव्हा नळीत किती दाब तयार होतो हे डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यातली नळी त्या दाबासाठी तपासून घेतलेली असते. वेल्डिंग केलेला पाइप तसा नसतो. काळी दारू तर घर्षणाने, ठिणगीने, कपड्यातल्या स्थिर विजेनेही पेटू शकते. ती घरी करून पाहण्याची गोष्ट नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

उत्तर आहे १० मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफल. यात दारू नाही, दाबलेल्या हवेवर ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा सुटतो. शस्त्र नियम २०१६ नुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिमीपर्यंत नळी असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात की लागतो. विकत घेताना ओळख, वय आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पावती जपून ठेवा आणि हत्यार पेटीत बंद करूनच न्या.

शाळा-कॉलेजात असाल तर एनसीसी हा सर्वात स्वस्त दरवाजा. तिथे पॉइंट २२ रायफलने देखरेखीखाली फायरिंग शिकवतात. महाराष्ट्राची ऑलिंपियन अंजली भागवत हिची सुरुवात एनसीसीतूनच झाली. दुसरा दरवाजा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे तिथूनच पुढे आला. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आणि नोकरीला मध्य रेल्वेत. मोठ्या शहरात जन्माला न येताही हे जमते, याचे इतके ताजे उदाहरण दुसरे नाही.

क्लब निवडताना तो जिल्हा किंवा राज्य रायफल असोसिएशनशी संलग्न आहे का, हे आधी विचारा. राज्य संघटना १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनशी जोडलेल्या असतात आणि स्पर्धांची वाट तिथूनच जाते. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी पॉइंट २२ रायफलचा परवाना देण्याची तरतूदही कलम १३ मध्ये आहे. म्हणजे बारूदी हत्यारापर्यंत जाणारा कायदेशीर रस्ता आहे, पण तो क्लबमधून जातो.

पहिल्या काही महिन्यांत काय शिकायचे?

आधी चार सवयी. हत्यार भरलेलेच आहे असे समजून हाताळायचे. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवायची. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही. लक्ष्यामागे काय आहे हे माहीत नसेल तर छर्रा सोडायचा नाही. डोळ्यांना चष्मा लावायचा आणि छर्रे शिशाचे असल्याने सराव झाल्यावर, काही खाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

मग नेम. एअर पिस्तूल एका हाताने धरतात. समोरच्या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंमी अंतर धरा. पुढची साइट फक्त १ मिमी बाजूला गेली तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिमी सरकतो, म्हणजे दहावरून थेट सातवर. त्यामुळे नजर टार्गेटवर नको, पुढच्या साइटवर हवी. टार्गेट थोडे धूसर दिसले तरी चालते. चापही झटक्याने न ओढता हळूहळू दाबायचा आणि छर्रा सुटल्यावर हात क्षणभर तसाच धरायचा.

घरी सराव करायचा तर १० मीटर म्हणजे जवळपास ३३ फूट सरळ बंद जागा लागते. मागे छर्रे अडवणारी पेटी हवी आणि बाजूने कोणी मध्येच येऊ नये. गच्ची, गल्ली, शेताचा बांध या जागा चालत नाहीत. पक्षी, माकड, कुत्रा हे लक्ष्य कधीच नाही. जागा नसेल तरी अडत नाही. छर्रा न भरता, प्रशिक्षकाने सांगितलेल्या पद्धतीने कोऱ्या भिंतीसमोर रोज २० मिनिटे नेम धरण्याचा सराव नामवंत नेमबाजही करतात आणि त्याला खर्च शून्य.

खर्च किती आणि हत्यार कधी घ्यायचे?

स्पर्धेच्या दर्जाची आयात एअर पिस्तुले लाखाच्या पुढे जातात, म्हणून पहिल्याच महिन्यात खरेदी करू नका. क्लबचे हत्यार वापरा, हाताची ठेवण ठरू द्या. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे असतात. तेवढा वेळ उभे राहून एकाग्रता टिकते का, हे कळायला काही महिने लागतात. पालकांनी मुलाला घेऊन रेंजवर जाऊन एक सकाळ नुसते बघावे. धूर नसतो, आवाज फारसा नसतो आणि बहुतेक वेळ सगळे गप्प उभे असतात. ते पाहूनही मुलाला तिथेच थांबावेसे वाटले, तर त्याचे नाव नोंदवायला हरकत नाही.