अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग आणि रुग्णारुग्णांतील जनुकीय भेद

मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून असलेल्या अष्ठीला ग्रंथीला व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात. ह्या ग्रंथीचा कर्करोग सर्व रुग्णांत सारख्या गतीने वाढत नाही, ही गोष्ट वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उतारवयात अन्य कारणाने मरण पावलेल्या अनेक पुरुषांच्या शवपरीक्षेत ह्या रोगाची सूक्ष्म केंद्रे सापडतात. हयातीत त्यांना त्याची जाणीवही झालेली नसते. उलट काही रुग्णांत निदानानंतर दोन-तीन वर्षांतच रोग अस्थींपर्यंत पोचून प्राणघातक ठरतो. पेशींच्या रचनेवरून अर्बुदाची प्रत ठरविण्याची ग्लीसन ह्यांची पद्धती १९६६ साली पुढे आली आणि सुधारलेल्या स्वरूपात ती आजही उपयोगात आहे. तथापि एकाच प्रतीच्या दोन अर्बुदांचा पुढील प्रवास भिन्न का व्हावा, ह्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून मिळत नाही. ते जनुकांत शोधावे लागते.

‘जनुकीय भेद’ हा शब्दप्रयोग येथे दोन निराळ्या अर्थांनी येतो, आणि त्या दोहोंची गल्लत झाली की पुष्कळ गोंधळ माजतो. मातापित्यांकडून आलेला भेद शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. तो रुग्णाच्या भावंडांत व अपत्यांतही असू शकतो. दुसरा भेद आयुष्याच्या ओघात ग्रंथीतील एखाद्या पेशीत उद्भवतो, तिच्या वंशज पेशींत साठत जातो आणि रुग्णाबरोबरच संपतो. पहिला रक्ताच्या थेंबातून वाचता येतो. दुसरा मुख्यत्वे अर्बुदाच्या तुकड्यातून वाचावा लागतो, जरी अलीकडे रक्तात उतरलेल्या अर्बुदाच्या डीएनएवरूनही त्याचा काही माग लागू लागला आहे.

ह्या रोगात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन येथील २,०३,६९१ जुळ्या व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो ५७ टक्के ठरला. कोणा एका रुग्णाचा रोग ५७ टक्के आनुवंशिक आहे, असा ह्या आकड्याचा अर्थ नव्हे. त्या लोकसमूहात माणसामाणसांच्या रोगप्रवणतेत जो फरक आढळतो, त्यापैकी एवढा भाग जनुकांमुळे पडतो, इतकेच त्यावरून म्हणता येते. पण हा भाग कोणत्या जनुकांत दडलेला आहे? त्यासाठी आइसलंडचे उदाहरण जितके बोलके आहे तितके दुसरे क्वचितच सापडेल.

आइसलंड हे सुमारे चार लाखांहून थोड्या कमी वस्तीचे बेट. नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्वे व ब्रिटिश बेटांतून आलेल्या थोड्या कुटुंबांपासून तेथील समाज वाढला. वंशावळी जपण्याची त्या लोकांस हौस आहे, आणि देशातील कर्करोगाची नोंद १९५५ पासून अखंड ठेवली गेली आहे. ह्या दोन गोष्टींच्या जोरावर त्या बेटाने अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगातील आनुवंशिक भेदाची दोन टोके दाखवून दिली.

पहिले टोक १३ व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ ह्या जनुकाचे. १९९५ मध्ये ते स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सापडले, आणि पुढच्याच वर्षी आइसलंडमधील अशा कुटुंबांत त्याचे एकच एक उत्परिवर्तन पुन्हा पुन्हा आढळत असल्याचे दिसून आले. त्यात जनुकाच्या लेखातून पाच क्षारके गळलेली असतात. प्रथिनाची आज्ञा पेशी तीन-तीन क्षारकांच्या गटांनी वाचते. पाच अक्षरे गळाली की त्यापुढील प्रत्येक गट सरकतो, वाचन निरर्थक होते आणि प्रथिनाची साखळी आरंभाजवळच खुंटते. सहा किंवा तीन गळाली असती, तर कदाचित एवढा अनर्थ झाला नसता. हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तुटले असता ते बिनचूक सांधण्याच्या कामी येते. ते नसेल तर पेशी तुटलेली टोके कशीबशी जोडते आणि चुका साठत जातात.

२००७ मध्ये तेथील संशोधकांनी हे उत्परिवर्तन असलेल्या ३० रुग्णांची ते नसलेल्या रुग्णांशी तुलना केली. वाहकांत निदान सरासरी ६९ व्या वर्षी झाले होते, इतरांत ७४ व्या. वयातील हा फरक फारसा मोठा नाही. परंतु निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक वाहकांत २.१ वर्षे होता आणि इतरांत १२.४. रुग्णांची संख्या लहान आहे हे खरे. पण इतकी तफावत केवळ योगायोगाने येत नाही, आणि अन्य देशांत बीआरसीए-२ चे निराळे दोष असलेल्या रुग्णांतही रोग उग्र असल्याचेच आढळले आहे. रोगाच्या आरंभीच त्याच्या उग्रतेची सूचना देणारे आनुवंशिक लक्षण ते हेच.

दुसरे टोक अगदी वेगळ्या जातीचे आहे. २००६ मध्ये आइसलंडमधीलच संशोधकांनी ८ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एका पट्ट्यात रोगाशी निगडित असा एक सामान्य भेद दाखविला. युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी सुमारे १९ टक्के आणि एकंदर लोकांपैकी सुमारे १३ टक्के त्याचे वाहक होते. त्याच वर्षी अमेरिकेत स्वतंत्र वाटेने चाललेले संशोधन ह्याच पट्ट्याशी येऊन थांबले. तेथील कृष्णवर्णी समाजात आफ्रिकी व युरोपीय अशा दोन्ही वंशपरंपरा मिसळलेल्या आहेत. रोग्यांच्या गुणसूत्रांत आफ्रिकी वारशाचे प्रमाण कोठे अपेक्षेहून अधिक आढळते, हे १,५९७ पुरुषांत तपासता बोट पडले ते ह्याच ठिकाणी. आइसलंडमध्ये सापडलेला भेद त्या समाजातील ४१ टक्के रुग्णांत व ३० टक्के सामान्य लोकांत मिळाला.

चमत्काराची गोष्ट अशी, की ह्या पट्ट्यात प्रथिन घडविणारे जनुक जवळजवळ नाहीच. जनुकशास्त्रज्ञ त्यास ओसाड प्रदेश म्हणत आले आहेत. पण ह्या ओसाड प्रदेशाच्या शेजारी पेशींच्या वाढीस चालना देणारे मिक हे जनुक आहे, आणि डीएनएची घडी पडून दूरचे खंड त्याच्याजवळ येतात व त्याचे कार्य कमीअधिक करतात. येथील भेद जनुक मोडीत नाही. जनुक किती जोराने चालावे, ह्यात किंचित फेर करतो. अशा एकेका भेदाने धोका थोडाच वाढतो. असे कित्येक भेद एका माणसात एकत्र आले, तर मात्र तो वाढ लक्षणीय होते.

ह्या दोन टोकांच्या मध्ये १७ व्या गुणसूत्रावरील एचओएक्सबी-१३ हे जनुक येते. २०१२ मध्ये त्यातील एका अमिनो आम्लाचा बदल युरोपीय वंशाच्या १.४ टक्के रुग्णांत व केवळ ०.१ टक्का निरोगी पुरुषांत आढळला. पुढे चिनी रुग्णांत त्याच जनुकाचा निराळा बदल मिळाला आणि पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत तिसराच. एका लोकसमूहात सापडलेला नेमका बदल दुसऱ्यात शोधणाऱ्यास येथे रिकाम्या हाताने परतावे लागले असते.

दुर्मीळ पण उग्र दोषांचा हिशेब आता बराच स्पष्ट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचा रोग शरीरात अन्यत्र पसरला होता अशा ६९२ पुरुषांपैकी ८२ जणांत, म्हणजे ११.८ टक्क्यांत, डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांचे आनुवंशिक दोष मिळाले. त्यांपैकी ३७ दोष एकट्या बीआरसीए-२ चे होते. ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्यांत हे प्रमाण ४.६ टक्के होते. ह्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कुटुंबात हा रोग झाल्याचा इतिहास असो वा नसो, दोषाचे प्रमाण सारखेच राहिले. घराण्यात कोणाला होता काय, एवढेच विचारून चाचणी करावयाची की नाही हे ठरविणाऱ्या वैद्याच्या हातून ह्यांपैकी बरेच रुग्ण निसटतील. आणि निसटणारा केवळ रुग्णच नसतो. त्याच्या प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलीच्या बाबतीत तो स्तनाचा व बीजांडकोशाचा धोका ठरतो.

आता अर्बुदात उद्भवणाऱ्या भेदांकडे वळावयाचे. वृषणांचे उच्छेदन केले असता वा स्त्री-अंतःस्राव दिला असता हा रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स ह्यांनी शिकागो येथे १९४१ मध्ये दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरुष-अंतःस्रावावर हा रोग एवढा का पोसला जातो, ह्याचे एक कारण २००५ मध्ये हाती आले. २१ व्या गुणसूत्रावर सुमारे तीस लक्ष क्षारकांच्या अंतराने टीएमपीआरएसएस-२ आणि ईआरजी ही दोन जनुके आहेत. पैकी पहिले पुरुष-अंतःस्रावाच्या आज्ञेने चालते. (२०२० पासून ते दुसऱ्याच कारणाने सर्वतोमुखी झाले: कोविडचा विषाणू पेशीत शिरताना ह्याच जनुकाच्या प्रथिनाचे साहाय्य घेतो.) मधला खंड गळून दोन्ही जनुके एकमेकांस चिकटली, की अंतःस्रावाची आज्ञा ईआरजीस लागू होते आणि ते पेशीला भलत्याच वाटेने नेते. ३३३ अर्बुदांच्या २०१५ मधील अमेरिकन पाहणीत ईआरजीचा असा संयोग ४६ टक्क्यांत मिळाला, एसपीओपी जनुकाचा दोष ११ टक्क्यांत. आणि २६ टक्के अर्बुदे कोणत्याच ज्ञात वर्गात बसली नाहीत.

२०२० मध्ये २०८ चिनी रुग्णांच्या अर्बुदांची अशीच पाहणी झाली. तीत एफओएक्सए-१ जनुकाचे दोष ४१ टक्क्यांत आढळले. पाश्चात्त्य अर्बुदांत ते अवघ्या काही टक्क्यांत असतात. ईआरजीचा संयोग मात्र बराच कमी होता. हा भेद वंशाचा, आहारविहाराचा, की रोग कोणत्या अवस्थेत हाती लागला त्याचा? केवळ वंशाचा म्हणणे घाईचे ठरेल. अमेरिकेतील कृष्णवर्णी पुरुषांत ह्या रोगाचे मृत्युमान गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. परंतु निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत, जेथे उपचार सर्वांस सारखे मिळतात, तेथे निदान झालेल्या रुग्णांत ही तफावत जवळजवळ उरत नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रोग होण्याची प्रवणता आणि झालेल्या रोगाने मरण येणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यातील जनुकांचा वाटा दुसऱ्याच्या खाती लिहिता येत नाही.

आनुवंशिक व अर्जित भेदांची गाठ पडते ती उपचाराच्या प्रश्नावर. बीआरसीए-२ च्या वाहकाच्या प्रत्येक पेशीत त्या जनुकाची एक प्रत सदोष व एक शाबूत असते. अर्बुदात बहुधा शाबूत प्रतही हरपलेली असते. पार्प नावाचा विकर डीएनएच्या एका धाग्यातील तूट सांधण्यास साहाय्य करतो. त्याला औषधाने रोखले, की एका धाग्याच्या तुटींतून पेशीविभाजनाच्या वेळी दोन्ही धाग्यांच्या तुटी होतात. निरोगी पेशी आपल्या शाबूत प्रतीच्या बळावर त्या सांधते. अर्बुदाच्या पेशीजवळ ते साधन नसल्यामुळे ती मरते. रोग उग्र करणारा दोषच अशा रीतीने औषधाचे प्रवेशद्वार बनतो. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने ओलापॅरिब व रुकापॅरिब ही दोन औषधे ह्या तत्त्वावर, दुरुस्तीच्या जनुकांत दोष असणाऱ्या प्रगत रोगाच्या निवडक रुग्णांसाठी मान्य केली.

परंतु ही सर्व इमारत एका गोष्टीवर उभी आहे: सापडलेला बदल घातक की निरुपद्रवी, हे ओळखता येणे. बदल निरोगी लोकांत किती आढळतो, हा त्या निर्णयाचा एक मुख्य आधार. ज्या समाजाची नोंदच पुरेशी झालेली नाही, त्यातील निरुपद्रवी बदलही दुर्मीळ भासतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारून थांबतो. अशा शेऱ्यावर ना औषध देता येते, ना मुलीला सल्ला. सामान्य भेदांवरून धोक्याचा एकत्रित अंक काढण्याची पद्धतीही ह्यास अपवाद नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या संकलनात १,५६,३१९ रुग्ण होते आणि ४५१ भेद निश्चित झाले; पण त्यांतील १,२२,१८८ रुग्ण युरोपीय वंशाचे होते, १९,३९१ आफ्रिकी, ३,९३१ हिस्पॅनिक, आणि १०,८०९ आशियाई, तेही बहुतांशी पूर्व आशियातील. मुंबईच्या वा पुण्याच्या रुग्णास हा अंक जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने बेतलेला अंगरखा त्याला चढविण्यासारखे आहे.

भारताच्या बाबतीत ह्यात आणखी एक गुंता आहे. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंह व के. थंगराज ह्यांनी डेव्हिड राइक ह्यांच्यासमवेत २००९ मध्ये २५ समाजांतील १३२ व्यक्तींच्या डीएनएची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दिसून आले, की शतकानुशतके जातीतच विवाह होत राहिल्याने येथील अनेक समाज थोड्या पूर्वजांपासून वाढल्यासारखे आहेत. आइसलंडच्या बेटाला समुद्राने जे केले, ते येथे रोटी-बेटीच्या नियमांनी केले. अशा समाजांत एखादा दुर्मीळ दोष साठून राहतो. आंध्र प्रदेश व तेलंगणातील वैश्य समाजात रक्तातील एका विकराची उणीव इतरांहून सुमारे शंभरपट अधिक आढळते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्याचे एक नित्याचे औषध अशा व्यक्तींस दिले असता त्याचा अंमल धोकादायक रीतीने लांबतो. म्हणून भूल देणारे वैद्य तेथे रुग्णाचा समाज विचारून घेतात. बीआरसीए-२ सारख्या जनुकांचे असे साठलेले दोष कोणत्या समाजात आहेत, हे पाहावयाचे तर प्रथम निरोगी व्यक्तींची आधारनोंद हवी. देशातील सुमारे १०,००० व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन जीनोमइंडिया प्रकल्पाने २०२४ मध्ये पुरे केल्याने तिचा पाया घातला गेला आहे. तिच्याशी पडताळून पाहावयाचे रुग्णांचे नमुने मात्र कर्करोग रुग्णालयांनाच, समाज व कुटुंबाच्या नोंदीसह, जमवावे लागतील.