नवा गुंडा जोडताना

स्वेटर विणताना गुंडा संपत आला, की आपल्यातल्या पुष्कळ जणी जुन्या टोकाला नवे टोक बांधून पक्की गाठ मारतात आणि पुढे विणू लागतात. काम झटपट होते. पण धुता धुता गाठ सैल होते, नाहीतर सुलट्या बाजूला डोकावते. सुटली तर भोकच. तान्ह्या बाळाच्या टोपीत ती कोवळ्या डोक्याला रुतते.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीला, कडेच्या टाक्यापासून घ्यावा. तिथली टोके पुढे शिवणीत जातात. उरलेली लोकर ओळीला पुरेल का, हे मात्र आधी कळायला हवे. विणलेल्या रुंदीच्या साधारण तिप्पट असली, तर साधी ओळ पुरी होते. वेणीच्या नक्षीला चौपट धरावी.

दोन्ही धाग्यांची वीतभर टोके मोकळी ठेवावीत. सुरुवातीचे टाके ढिले पडतात आणि आपल्या वयाच्या बोटांना ते सांभाळणे कठीण जाते. तेव्हा तात्पुरती सैल गाठ खुशाल मारा, पण शेवटी ती सोडायची. मग मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने टोक उलट्या बाजूच्या टाक्यांतून तीन-चार बोटे ओवावे, उलट फिरून थोडे परत आणावे आणि मग कापावे. बाळाच्या मोज्यांत याकडे दुप्पट लक्ष द्या. आतला सुटा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला, तर रक्त अडते, आणि बाळ फक्त रडते. कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

टोपी गोल विणली, तर तिला कडच नसते. लोकर शुद्ध असेल, तर दोन्ही टोकांचा पीळ चार बोटे उकलून ती एकमेकांवर ठेवावी, कोमट पाण्याने ओली करावी आणि तळव्यांत गरम होईपर्यंत चोळावी. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि सांधा दिसतही नाही. (काही जणी थुंकी लावतात. पाणी बरे.) अॅक्रिलिकला किंवा मशीनमध्ये धुण्याजोग्या केलेल्या लोकरीला हे जमत नाही.

गुंड्यावरचा कागद फेकू नये. त्यावरचा रंगाचा लॉट नंबर जुळला नाही, तर स्वेटरवर पट्टा उठून दिसतो. अशा वेळी दोन ओळी जुन्या, दोन नव्या असे आलटून पालटून विणावे.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट पाहावी. 'त्सेमेर' म्हणजे लोकर, 'कुत्ना' म्हणजे कापूस, 'पिश्तान' म्हणजे लिनन. मेंढीच्या लोकरीला कापूस किंवा अॅक्रिलिक जोडले तर हरकत नाही. पण लिनन जोडले, की ते शआतनेझ, देवारिम २२:११ मध्ये मना केलेले. उन्हाळी सुतात लिननची भेसळ पुष्कळदा असते, आणि उरलेसुरले गुंडे जोडून विणताना ती सहज नजरेतून सुटते. बटणे लावायचा दोराही लिननचा नसावा.